सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली आणि दहाव्या दिवशी चोर्ला घाटात इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला

म्हापशेकर_टर्बो (रविवार, रात्री १०:४०)
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसतं वाचत होतो, पहिला धागा काढायची वेळ आली ती पण रडायला. दहा दिवसांपूर्वी बेळगावच्या एका डीलरकडून २०१३ची दोन दारांची जर्मन कूपे घेतली. २.० लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, ऑटोमॅटिक, लाल रंग, मीटरला फक्त ३४ हजार. साडेतेरा लाख. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा "ह्यापेक्षा जपानी घ्यायची" मध्ये जाईल. येताना जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत लोण्यासारखी आली. आठवडाभर म्हापसा-पणजी फिरवली, सिग्नलला जरा थरथरायची पण मला वाटलं स्पोर्ट्स कार आहे, असंच असेल.

आज सकाळी मित्राला घेऊन परत चोर्ल्याला निघालो. केरी सोडली, चढ सुरू झाला, अंजुणे धरण खाली दिसायला लागलं तिथे एका ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि गाडीने दोन-तीन हिसके दिले, पिवळा इंजिनचा दिवा लुकलुक लुकलुक, आणि ताकदच गेली. २० च्या वर जाईना. मोबाईलला रेंज नाही. कसाबसा वळवून उतरलो, केरीत येऊन थांबलो, तिथून गाडी वाहून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवला, साडेसहा हजार गेले. घरी फ्लॅटबेडवरून लाल गाडी उतरताना बाबा व्हरांड्यात उभे होते. काही बोलले नाहीत, आत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

काय करू? कुठून सुरुवात करू?

पेडणेकार (रविवार, रात्री १०:५५)
अरे मेल्या घाबरतंस कित्याक. बॅटरीची निगेटिव्ह तार अर्धो तास काढून ठेव, लायट आपसूक जाता. माझ्या वॅगनारचा असाच केलंय.

वेर्णा_पठार (रविवार, रात्री ११:०२)
बॅटरी काढू नकोस!! हात लावू नकोस कशालाच. पेडणेकार, राग मानू नका पण दिवा घालवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. कॉम्प्युटरने बिघाडाचा कोड आणि त्याच्याबरोबर त्या क्षणाचा फोटो काढून ठेवलेला असतो, किती आरपीएम होते, किती लोड होता, पाणी किती गरम होतं. बॅटरी काढली की ते सगळं जातं.

आणि टर्बो, दिवा नुसता पेटणं आणि लुकलुकणं ह्यात फरक आहे. लुकलुकतो म्हणजे मिसफायर चालू आहे, सिलिंडरमध्ये पेट्रोल जातंय पण जळत नाही, ते तसंच कच्चं सायलेन्सरच्या अलीकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. कन्व्हर्टर वितळला की लाखाची गोष्ट. तू वळवून हळू उतरलास ते चांगलं केलंस, दामटवत वर चोर्ल्याला गेला असतास तर आज दुसराच धागा असता. आता ती चालवू नकोस. हजार-बाराशेचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल घे, गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचायचा, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतं तिथे लावायचा, मोबाईलवर ॲप घ्यायचं, सगळे कोड इथे टाक. काहीही डिलीट करू नको.

मांडवीकाठ (रविवार, रात्री ११:२०)
ई२० पेट्रोल, वीस टक्के इथेनॉलवालं. पैज लावतो. २०१३ची गाडी ई२० साठी बनलेलीच नाही. सगळ्यांची वाट लागतेय.

वेर्णा_पठार (रविवार, रात्री ११:३१)
आलं का ई२० 😄 रबरी पाईप नि सील जुन्या गाड्यांत त्रास देऊ शकतात हे मान्य, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं हेही खरं, आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या गाड्यांना ते बाधतं. ॲव्हरेज पण पडतं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. पण चढावर दाबल्यावरच मिसफायर होतो म्हणजे आधी स्पार्क बघायचा. पेट्रोलचा नंबर नंतर.

म्हापशेकर_टर्बो (मंगळवार, रात्री ९:१५)
डोंगल आला. थरथरत्या हाताने लावला. कोड असे:

पी०३०२, पी०३००, पी०१७१.

ॲपमध्ये लिहिलंय दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, अनेक सिलिंडरमध्ये मिसफायर, आणि मिश्रणात पेट्रोल कमी हवा जास्त. वेर्णा म्हणतो तो "फोटो" पण मिळाला: २,९०० आरपीएम, लोड ८६ टक्के, पाणी ९७ डिग्री.

दरम्यान सोमवारी फोटो आणि व्हिडिओ घेऊन एका मोठ्या वर्कशॉपला विचारून आलो. काउंटरवरचा मुलगा गाडी न बघताच म्हणाला "सर इंजिन उघडावं लागेल, साडेतीन-चार लाख धरून चला." मी पाणी पिऊन बाहेर आलो.

सासष्टीकर (मंगळवार, रात्री ९:४०)
चार लाख?? गाडी न बघता?? पात्रांव, तिथून पळ. माझा अनुभव असा की मोठ्या काचेच्या शोरूममध्ये आता मेकॅनिक कमी आणि पार्ट बदलणारे जास्त, लॅपटॉपने सांगितलं दुसरा सिलिंडर की ठिणगीला वीज देणारी कॉइल बदल, नाही गेलं की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बदल, नाही गेलं की इंजिन खोल, प्रत्येक वेळी बिल तुझं.

वेर्णा_पठार (मंगळवार, रात्री ९:५२)
टर्बो, त्याच ॲपमध्ये अजून दोन आकडे शोध. "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" असा एक असतो. आणि "रेडिनेस मॉनिटर" म्हणून एक पान असतं, गाडी स्वतःच्या तपासण्या करते त्यांचं, कोड पुसले की त्या पहिल्यापासून सुरू होतात, त्यात किती पूर्ण किती अपूर्ण ते बघ. शिवाय गाडी ताब्यात घेताना मीटरचा फोटो काढला होतास का?

म्हापशेकर_टर्बो (मंगळवार, रात्री १०:२०)
काढला होता, चावी हातात घेतानाचा, इन्स्टाला टाकायला 🙈 ३४,११८. आज मीटर ३४,३४१. म्हणजे मी चालवली २२३ किमी.

ॲप म्हणतंय कोड पुसल्यापासून २३१ किमी. मॉनिटर तीन अपूर्ण.

वेर्णा_पठार (मंगळवार, रात्री १०:२६)
२३१ वजा २२३.

सासष्टीकर (मंगळवार, रात्री १०:२७)
आठ!!!

वेर्णा_पठार (मंगळवार, रात्री १०:३४)
तुझ्या हातात यायच्या आठ किलोमीटर आधी कुणीतरी कोड पुसले. टेस्ट ड्राइव्ह किती झाली होती?

म्हापशेकर_टर्बो (मंगळवार, रात्री १०:४१)
पाचेक किलोमीटर. फोटोच्या आधी. म्हणजे मी पोचायच्या आधी तीन किमी. त्याच दिवशी सकाळी बहुतेक. आणि आता आठवतंय, मी दहा वाजता पोचलो तेव्हा गाडी बाहेर काढून चालूच ठेवलेली होती, बॉनेटला हात लावला तर तापलेलं. डीलर म्हणाला "तुमच्यासाठी एसी लावून थंड करून ठेवली." मला वाटलं किती हा आदर.

जुने_खोड (मंगळवार, रात्री ११:१०)
मी सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. बाबा, तुला एसी नाही लावून दिला, तुला इंजिन गरम करून दिलं. थंड इंजिन खोटं बोलत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केली की पहिल्या अर्ध्या मिनिटात ती तुला सगळं सांगते, खडखड कुठे, धूर कुठला, थरथर किती. गरम झालं की सगळं मुरून जातं.

दुसरी गोष्ट. ३४ हजार किलोमीटर बघून तू भुललास. बारा-तेरा वर्षांत ३४ हजार म्हणजे ती गाडी चालली कमी, उभी जास्त राहिली. मी मांडवी-झुवारीच्या बार्जवर इंजिनरूममध्ये ३१ वर्षं काढली. रोज खनिज भरून आमोण्याहून मुरगावला खेपा मारणारी इंजिनं आम्ही वर्षानुवर्षं चालवली, कधी कुरकुर नाही. २०१२ला खाणी बंद झाल्या नि बार्जी धक्क्याला लागल्या. काही महिन्यांनी चालू करायला गेलो तर रबर वाळून खडखडीत, सील गळतायत, तेलात पाणी, इंजेक्टर चिकटलेले. चालून इंजिन झिजतं पण उभं राहून ते कुजतं. तुझ्या गाडीत रबराचं काहीतरी फाटलेलं असणार, पी०१७१ तेच सांगतोय, कुठून तरी चोरून हवा आत जातेय.

एक करून बघ. इंजिन चालू करून आयडलला ठेव, म्हणजे रेस न करता, तेल ओतायचं झाकण उघड. नुसतं सैल होऊन वर आलं, इंजिनचा आवाज थोडा बदलला तर ठीक. झाकण आतून कुणी धरून ठेवल्यासारखं ओढलं गेलं आणि शिट्टी वाजली तर मला सांग.

म्हापशेकर_टर्बो (बुधवार, सकाळी ७:२५)
काका!!! शिट्टी वाजली. झाकण ओढताना हाताला जोर लावावा लागला, अंगठा लाल झाला. आणि झाकण निघाल्यावर इंजिन जवळजवळ बंद पडलं. आई आतून ओरडली, कुकर लावला कोणी म्हणून.

जुने_खोड (बुधवार, सकाळी ८:०५)
मग ब्रीदरचा पडदा फाटलाय. इंजिनच्या पोटात जे वायू साठतात ते परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, नेऊन जाळायची सोय असते, पीसीव्ही म्हणतात, त्यात पापडाएवढा एक रबरी पडदा असतो ओढ ताब्यात ठेवायला. तो फाटला की मॅनिफोल्डची, म्हणजे इनटेकच्या नळ्यांची, सगळी ओढ इंजिनच्या पोटावर येते, सेन्सरने न मोजलेली हवा आत घुसते, आणि तेलाची वाफ पण ओढली जाते. ती वाफ कुठे जाऊन बसते ते पुढे बघशीलच.

वेर्णा_पठार (बुधवार, सकाळी ९:३०)
काकांना दंडवत 🙏 टर्बो, ॲपवर फ्युएल ट्रिम बघ, लाँग टर्म, म्हणजे हवा जास्त झाली म्हणून कॉम्प्युटर किती पेट्रोल वाढवून देतोय ते. आयडलला किती, अडीच हजार आरपीएमला किती.

म्हापशेकर_टर्बो (बुधवार, सकाळी ९:५५)
आयडलला +१९ टक्के. अडीच हजारला +५.

वेर्णा_पठार (बुधवार, सकाळी १०:०२)
जमलं गणित. आयडलला इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, त्यात चोरून आलेल्या हवेचा हिस्सा मोठा, म्हणून ट्रिम जास्त. रेस केली की खरी हवा इतकी वाढते की चोरीची हवा त्यात लपते. उलटं असतं, म्हणजे दाबल्यावर ट्रिम वाढला असता, तर पेट्रोल पंप नाहीतर हवेचा सेन्सर बघायला सांगितलं असतं. एक उलगडलं. पण पडदा फाटला म्हणून एकट्या दुसऱ्याच सिलिंडरला चढावर मिसफायर होणार नाही. ते वेगळं आहे. तुझ्या गाडीत दोन आजार आहेत.

मांडवीकाठ (बुधवार, सकाळी १०:१५)
पेट्रोलमध्ये टाकायची क्लीनरची बाटली मिळते, हजार रुपयांची, ती टाकून टाकी फुल करून बघ आधी.

पर्वरीची_ताई (बुधवार, दुपारी १:१०)
तुमचं मेकॅनिकल चालू द्या, मी दुसरं विचारते कारण इथे कोणी विचारत नाहीये. @टर्बो पूर्ण पैसे दिलेस का? पेपर कुठपर्यंत आलेत? गाडी केए-२२ आहे ना, बेळगाव आरटीओची एनओसी, फॉर्म २८, हातात आली का? गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० सह्या झाल्यात? कर्ज होतं का तिच्यावर, असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५?

म्हापशेकर_टर्बो (बुधवार, दुपारी १:३०)
कर्ज नाही ताई. २९-३० सह्या करून दिलेत. एनओसी यायची आहे, म्हणून ५० हजार मागे ठेवलेत, डीलरच्या पॅडवर तसं लिहून घेतलंय. हे बाबांनी सांगितलं होतं ठेवायला. मी तेव्हा त्यांच्यावर चिडलो होतो.

पर्वरीची_ताई (बुधवार, दुपारी १:४५)
बाबांच्या पाया पड. आता नीट ऐक. घराशेजारच्या माणसाकडून गाडी घेतली असतीस तर गोष्ट वेगळी होती, तो काही धंदा करत नाही. पण डीलर हा व्यापारी आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याला लागतो. आणि ह्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे बेळगावला खेपा नकोत, आपल्या उत्तर गोवा जिल्हा आयोगात होईल. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारांचं जिल्ह्यालाच चालतं, मुदत दोन वर्षं, फी पण काहीशे रुपयेच. पण ते शेवटचं. आधी पुरावा गोळा कर: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्यात "इंजिन शंभर टक्के" वगैरे लिहिलं असेल तर सोनं, व्हॉट्सॲपचं सगळं संभाषण, मीटरचा फोटो, २३१ किमीचा स्क्रीनशॉट, आणि जे काही दुरुस्त करशील त्याचं पक्कं बिल, जुने पार्ट टाकायचे नाहीत, पिशवीत घालून ठेवायचे. आणि फोनवर भांडू नकोस, लिहून बोल.

म्हापशेकर_टर्बो (शुक्रवार, रात्री ११:००)
अपडेट, मोठा आहे. सासष्टीकरांनी मेसेज करून एक गॅरेज सुचवलं, फोंड्याकडे, छोटंसं, पुढे आंब्याचं झाड, दोन लिफ्ट. मेकॅनिक पन्नाशीचा, मितभाषी, सगळे त्याला बाब म्हणतात म्हणून मी पण बाब. गाडी परत फ्लॅटबेडवरून नेली, ह्यावेळी सासष्टीकरांच्या ओळखीचा होता, त्याने पैसेच घेतले नाहीत, देव बरें करूं.

बाबने लॅपटॉप लावला पण कोड वाचून बाजूला ठेवला. आधी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर घातली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. फर्मागुडीच्या चढावर नेऊन एकदा दाबली, मिसफायर दुसऱ्यालाच. मग म्हणाला कॉइल चांगली, चार हजार वाचले तुझे. मग प्लग काढले. दुसऱ्याचा प्लग चौथ्याला घातला, परत फर्मागुडी. ह्यावेळी पी०३०४!! आजार प्लगाबरोबर चौथ्याला गेला.

तो प्लग त्याने मला उन्हात धरून दाखवला. पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक काळी रेघ. नखाने जात नाही. म्हणाला कुणीतरी बसवताना पाना तिरका धरला, चिनीमाती तडकली, आता टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब वाढला की ठिणगीला खाली गॅपमध्ये उडी मारणं जड जातं, ती सोपी वाट बघून ह्या तड्यातून बाहेरून पळते. सपाटीला दाब कमी, ठिणगी नीट पडते. म्हणून बेळगावहून येताना उतरणीवर लोणी आणि चढावर दगड. चार लाखांचं इंजिन आणि केसाएवढी रेघ, मला हसावं का रडावं कळेना.

चारही प्लग नवीन, ३,८००. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो, ते पण तपासून घेतलं: १७०, १६५, १७०, १७२ पीएसआय. बाब पहिल्यांदाच हसला. "इंजिन बरें आसा." मी तिथल्या बाकड्यावर बसून गोड चहा प्यालो, मला चहा आवडत नाही.

सासष्टीकर (शुक्रवार, रात्री ११:१२)
सांगितलं नव्हतं? बाब आधी विचार करतो मग पाना घेतो.

म्हापशेकर_टर्बो (पुढच्या गुरुवारी, रात्री ८:३०)
ब्रीदरचा पार्ट मुंबईहून कुरिअरने आला, ९,४००. जुना कापून बघितला, काका तुम्ही म्हणालात तसाच, पडदा एका बाजूने अर्धचंद्रासारखा फाटलेला. नवीन बसवल्यावर आयडलचा ट्रिम +३. झाकण उघडलं तर गपगुमान वर आलं.

पण. सकाळी थंड चालू केली की अजून वीस-तीस सेकंद थरथरते, जणू तीन पायांवर उभी आहे. मग नीट. आणि पहिल्या सेकंदाला कर्रर्र असा आवाज पण.

जुने_खोड (गुरुवार, रात्री ९:००)
मी म्हणालो होतो ना तेलाची वाफ कुठे बसते ते बघशील. इनटेकच्या व्हॉल्व्हवर कार्बन. जुन्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरच फवारलं जायचं, रोज अंघोळ. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, व्हॉल्व्हला थेंब लागत नाही, तेलाची वाफ तेवढी बसते आणि भाजून दगड होते. त्यामुळे मांडवीकाठ, तुमच्या बाटलीचा पण तिथे उपयोग नाही, बाटलीतलं औषध पेट्रोलच्या वाटेनेच जाणार. हाताने साफ करावं लागतं.

कर्रर्रचं मात्र हसण्यावारी नेऊ नको. तो इंजिनातल्या टायमिंग चेनचा आवाज असू शकतो. ते आधी बघून घे, मग कार्बन.

पेडणेकार (गुरुवार, रात्री ९:२०)
यूट्यूबार बघितलंय, फॉरेनात अक्रोडाच्या कवटीचो भुसो हवेच्या दाबान मारतत व्हॉल्व्हार, चकाचक होता. आमच्याकडे अक्रोड खंय, काजूची टरफलां घाल बाबा, पेडण्यात पोत्यान मिळतत 😂

जुने_खोड (गुरुवार, रात्री ९:२६)
मस्करीत पण सांगू नका. काजूच्या टरफलात डीक, म्हणजे भाजणारं तेल, असतो, कातडी सोलून निघते. गॅरेजवाल्याचे हात जायचे.

म्हापशेकर_टर्बो (शनिवार, रात्री १०:३०)
चेन बघितली. कॅम आणि क्रँकच्या टायमिंगचा फरक बाबने लॅपटॉपवर मोजला, मग वरचं कव्हर काढून चेन ताणून धरणारा टेन्शनर पण बघितला, हद्दीत आहे. आवाज चुकीच्या ग्रेडच्या, जुन्या काळ्या तेलाचा होता, फिल्टर उघडला तर त्याच्यावरची तारीख चार वर्षांपूर्वीची. नवीन तेल आणि फिल्टर ६,६००. कर्रर्र गेला. सहा महिन्यांनी परत मोजायचं ठरलंय.

कार्बनचं लिहितो कारण तसं दृश्य मी आयुष्यात बघितलं नव्हतं. दोन दिवस लागले. मॅनिफोल्ड काढला, टॉर्च आत मारला. व्हॉल्व्ह दिसायलाच नको, चुलीवर वीस वर्षं राहिलेल्या तव्याची पाठ असते ना, तसं काळं, फुगलेलं, वर तेलाची चमक. दुसऱ्या सिलिंडरला सगळ्यात जास्त, व्हॉल्व्हची दांडी आहे का भोपळ्याचा देठ कळेना. बाबने क्रँक पान्याने हाताने फिरवून आधी त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद केले, नाहीतर कचरा आत पडेल. मग पोर्टमध्ये क्लीनर ओतून वर चिंधी, जेवायला गेलो. आलो तर खाली काळा काढा तयार. तो व्हॅक्युमने ओढायचा, मग प्लास्टिकचं टोक, मग पितळी ब्रश, परत ओतायचं. एका सिलिंडरला चार-चार वेळा. मी पण एक ब्रश घेऊन बसलो, संध्याकाळपर्यंत नाकात तोच वास, आईने आंगणातच अंघोळीचं पाणी ठेवलं.

मजुरी १४ हजार, गास्केट ३,२००, आधीच्या स्कॅन-तपासणीचे ४,५००. फ्लॅटबेड धरून एकूण ४८ हजार. चार लाख नाही.

पर्वरीची_ताई (शनिवार, रात्री १०:४५)
आणि डीलर?

म्हापशेकर_टर्बो (शनिवार, रात्री ११:०५)
ताई, तुम्ही सांगितलं तसं सगळं लिहून पाठवलं. पहिलं उत्तर आलं "सर नाजूक गाडी आहे, घाटात कोण दाबतं." मी काही न बोलता मीटरचा फोटो आणि २३१ किमीचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली फक्त "आठ किलोमीटर" लिहिलं. दोन दिवस निळ्या टिक, उत्तर नाही. मग फोन आला, मी म्हटलं लिहून बोलूया. मग लिहून आलं की निम्मा खर्च ते सोसतील. मागे ठेवलेल्या ५० मधून २४ हजार वजा, उरलेले २६ एनओसी हातात आल्यावर. काल एनओसी आली, पैसे पाठवले, दोघांच्या सह्या झाल्या. कोर्टात गेलो असतो तर जास्त मिळाले असते का माहीत नाही, मला गाडी चालवायची होती.

वेर्णा_पठार (रविवार, सकाळी ८:१०)
चांगलं केलंस. थंड स्टार्ट?

म्हापशेकर_टर्बो (रविवार, दुपारी २:१५)
आज सकाळी साडेसहाला, रात्रभर पाऊस, गाडी गारठलेली. बाबा छत्री घेऊन शेजारी. चालू केली, एक हजारच्या वर गेली, हळूहळू खाली बसली, थरथर नाही. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, काढला नाही. मग म्हणाले चल.

केरी, मग चढ. त्याच जागी, धरण खाली, समोर परत ट्रक, मी बाबांकडे बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते. दाबली. गेली!! नुसती गेली नाही, बाबांचा हात दाराच्या हँडलवर गेला. वर धुकं, कणकुंबीला चहा-भजी, परत. चारही सिलिंडरचा मिसफायर काउंटर शून्य, मॉनिटर सगळे पूर्ण. येताना बाबा एवढंच म्हणाले की मागे पाय ठेवायला जागा नाही, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान कुठे घालणार.

पेडणेकार (रविवार, दुपारी २:४०)
बरां झाला. आता विकतंस काय? साडेतेरा देतंय.

म्हापशेकर_टर्बो (रविवार, दुपारी २:४४)
सकाळी सहाला या, थंड इंजिनवर दाखवतो. डोंगल माझाच वापरा.